त्राटिकेचा शेला

मोखाडा,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. समृद्धीस दामोदरकाकाचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर बराच वेळ काहीतरी सांगत होतीस आणि मी "हो, हो" म्हणत होतो. त्यातलं मला एक अक्षर ऐकू आलं नाही. डाव्या कानाने केव्हाच राजीनामा दिला आहे आणि उजवा फोन लावला की रुसतो. म्हणून हे पत्र. तूही पत्रच लिही, आणि अक्षर मोठं काढ.

गेल्या महिन्यात तुमच्या लग्नात मांडवाची पायरी उतरताना मी धडपडलो, ते तू नव्या नवरीच्या साजात असूनही पाहिलंस. तू फिजिओथेरपीवाली, तेव्हा तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. माझ्या दोन्ही गुडघ्यांना संधिवात आहे. जव्हारच्या डॉक्टरांनी फोटो काढला, गादी झिजली म्हणाले, गोळ्या दिल्या आणि आराम करा म्हणाले. दुखण्याचं मला विशेष काही नाही. पण चालता चालता गुडघा दगा देतो आणि तोल जातो, ते मला परवडणारं नाही.

कारण या फाल्गुनात मला सगळ्या गावासमोर सोंग घ्यायचं आहे. मागच्या फाल्गुनात दादाचं, म्हणजे तुझ्या सासऱ्यांचं, वर्ष सरलं नव्हतं, म्हणून राहून गेलं. या वर्षी काही झालं तरी घ्यायचंच. आणि ते घेताना एकदाही तोल जाता कामा नये.

तेव्हा घरच्या घरी करता येतील असे व्यायाम कळव. महागडी यंत्रं सांगू नकोस. ऋत्विकला आशीर्वाद. तुझी विद्युल्लताकाकू लोणच्याची बरणी पाठवते आहे, ती रिकामी झाली की परत हवी असं तिने मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

तुझा,
दामोदरकाका


नाशिक,
२२ डिसेंबर २०२५

ती. दामोदरकाकांना समृद्धीचा सा. नमस्कार.

अक्षर एवढं पुरे ना? लोणचं पोचलं. बरणी इतक्यात रिकामी होणार नाही असं आधी वाटलं होतं, आता तसं वाटत नाही.

आधी कामाचं. तुमचं दुकानातलं गल्ल्याचं टेबल जड आहे, हलत नाही, तेच धरा. सकाळी उठल्या उठल्या नाही, अंग जरा मोकळं झालं की मग करायचं. पहिला व्यायाम, हात न टेकता खुर्चीतून सावकाश उठणं आणि त्याहून सावकाश बसणं. धप्पकन बसलात तर तो धरायचा नाही. दुसरा, टेबल धरून टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं. तिसरा, टेबलाच्या कडेने खेकड्यासारखं आडवं चालणं. हे जमायला लागलं की एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं, आणि मग टेबलावर नुसती बोटं ठेवून एक पाय उचलायचा. काकूंना जवळ उभं करा. पायात घसरती सपाता नको. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिलं तर आपण जास्त केलं असं समजा. गुडघा सुजून गरम लागला तर त्या दिवशी सुट्टी.

आता सोंगाबद्दल. काका, मला खरंच राग आला. गावासमोर आपण ठणठणीत असल्याचं सोंग कशाला घ्यायचं? दुखतं त्यात लाज कसली? माझ्याकडे रोज माणसं येतात, चारचौघांत ताठ चालून दाखवतात आणि घरी जाऊन विव्हळतात. तुम्ही त्यांतले व्हावं असं मला वाटत नाही. काठी घ्या, ऐटीत चाला, आणि कोणी विचारलं तर संधिवात आहे म्हणून सांगा.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर रागवा, पण सोंग सोडा.

आपली,
समृद्धी


मोखाडा,
४ जानेवारी २०२६

चि. सौ. समृद्धीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी काकूला वाचून दाखवलं. तिला हसू आवरेना आणि तव्यावरची भाकरी करपली. तेव्हापासून मी उठलो बसलो तरी म्हणते, "सोंग सोडा."

अगं सोलापूरच्या मुली, तुमच्याकडे सोंग म्हणजे ढोंग. आमच्या मोखाड्यात सोंग म्हणजे देवाचं काम. इथे होळीनंतर बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मोठमोठे मुखवटे चढवून माणसं संबळाच्या तालावर गावातून नाचत जातात. त्या एकेका रूपाला सोंग म्हणायचं. गणपतीचं सोंग एका घराचं, भीमाचं दुसऱ्याचं. ज्याच्या घरी जे आलं ते पिढ्यान्‌पिढ्या त्याचं. आपल्या घरी त्राटिका आहे. रामाने मारली ती राक्षसीण. काकूचं म्हणणं, ती आपल्या घरात बाराही महिने असते, फाल्गुनात फक्त मुखवटा घालते.

माझ्या आजोबांनी घेतली, वडिलांनी घेतली, मग मी. दादा नोकरीला नाशिकला गेला तरी बोहाड्याला न चुकता यायचा. बोहाड्याच्या मंडळींचा नियम असा की सुतकाचं एक वर्ष माफ. पण लागोपाठ दुसऱ्या वर्षी सोंग निघालं नाही तर ते दुसऱ्या घराला द्यायचं. मागायला लोक टपलेलेच आहेत. त्राटिका या घरातून जाऊ द्यायची नाही, एवढं मी ठरवलेलं आहे. आम्हा दोघांना मूलबाळ नाही, पण म्हणून आमच्या घराची त्राटिका पोरकी नाही.

व्यायाम चालू आहेत. खुर्चीतून उठताना आता कुरकुर फक्त खुर्ची करते. काल टेबलाला बोट लावून एका पायावर उभा होतो. तेवढ्यात सूर्यमाळकडची फागी नागली, म्हणजे नाचणी, घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणते, "काय करतंस शेट? बगला झालास का?" मी म्हटलं, गुडघ्यांना संधिवात आहे, त्याचं औषध आहे हे. तर म्हणाली, "माझं बी गुडघं दुखतात. मला बी बगला कर." मग टेबलाच्या त्या बाजूला ती आणि या बाजूला मी. गिऱ्हाइकं दारातूनच परत गेली.

आता पुढचं सांग. मला गिरकी घ्यायची आहे.

तुझा,
दामोदरकाका


नाशिक,
१५ जानेवारी २०२६

ती. काकांना सा. नमस्कार.

मी कान पकडले. तुमचं पत्र वाचून मला आधी लाज वाटली आणि मग हसूच हसू. फागीताईंना सांगा, बगळ्याने टेबल सोडायचं नाही.

ऋत्विकला मी बोहाड्याबद्दल विचारलं. त्याने टीव्ही बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याला हे सगळं जुनाट वाटत असावं. मी जास्त खोदलं नाही.

तुमच्या गिरकीचं मात्र मला टेन्शन आलं आहे. आपला तोल डोळे, कानाच्या आतला भाग आणि सांधे व तळपाय यांच्यावर उभा असतो. तुमचे सांधे आधीच थकलेले. ऐकू कमी येण्याचा तोलाशी संबंध असेलच असं नाही, तरी कान एकदा तपासून घ्या. राहिले डोळे. मुखवट्यातून तुम्हाला कितीसं दिसतं? जमीन दिसते का? मुखवटा जड किती? हे कळल्याशिवाय मी गिरकीला हो म्हणणार नाही. तोवर डोळे मिटून किंवा डोक्यावर काही ठेवून काहीही करायचं नाही. एकट्याने तर मुळीच नाही. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

तुम्ही जिद्दीचे आहात ते कळलं. मीही तशीच आहे.

आपली,
समृद्धी


मोखाडा,
२ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. समृद्धीस विद्युल्लताकाकूचे आशीर्वाद.

तुझ्या काकांकडून पत्र नाही म्हणून काळजीत असशील. लिहायचा हात सुजला आहे. घाबरू नकोस, मोडलेलं काही नाही, जव्हारला नेऊन फोटो काढून आणला. तू डोक्यावर काही ठेवू नका म्हणून लिहिलंस ना? ते पत्र वाचून यांच्या डोक्यात आलं की अरे, ठेवून बघायला हवं. मी देवळात गेले होते. यांनी धान्याची पाटी उलटी करून डोक्यात घातली आणि मागच्या अंगणात गिरकी घेतली. तांदळाच्या पोत्यांवर पडले म्हणून वाचले. मी आले तेव्हा पाटी तशीच डोक्यात आणि आतून आवाज, "काही नाही, काही नाही."

आता त्यांनी जे तुला लिहिलेलं नाही ते मी लिहिते. त्राटिका कधीच एकटी नाचत नाही. मुखवट्यातून फक्त समोरचं दिसतं, पायाखालचं नाही. म्हणून कमरेला शेला बांधतात आणि त्याची दोन्ही टोकं धरून एक जण मागून चालतो. जरा तोल गेला की तो मागे ओढतो. तो घरचाच लागतो, परक्याच्या हातात शेला देत नाहीत. इतकी वर्षं तुझ्या सासऱ्यांनी धरला. भावजींच्या हातात शेला असला की हे डोळे मिटूनही नाचले असते. भावजी गेले, तेव्हा तेराव्याच्या दिवशी यांनी ऋत्विकला विचारलं, आता तू धरशील ना? तो म्हणाला, "माझ्याच्याने होणार नाही, काका." त्याच्या वडिलांची जागा ती. त्याच्या मनाला झेपत नसेल, मी त्याला दोष देत नाही. पण हे पुन्हा विचारणार नाहीत. कोणी न धरता नाचायचं, असं यांनी मनाशी ठरवलंय. तुझे सगळे व्यायाम त्यासाठी चाललेत.

मला सोंगापेक्षा माणूस हवा आहे. त्राटिका गेली दुसऱ्या घरी तर जाऊ दे, मी दोन दिवस रडेन आणि गप्प बसेन. तू यांना नाही म्हण. ते डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. मी लिहिलंय हे सांगू नकोस.

तुझी,
काकू


नाशिक,
९ फेब्रुवारी २०२६

ती. काकांना सा. नमस्कार.

पाटीची गोष्ट मला कळली. शेल्याचीही कळली. कोणाकडून ते विचारू नका, विचारलंत तर फागीताईंचं नाव सांगेन.

मी तुम्हाला नाही म्हणावं अशी एका माणसाची फार इच्छा आहे. मी रात्रंदिवस त्यावर विचार केला. नाही म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही आणि मला न सांगता कराल. ते जास्त वाईट. म्हणून मी हो म्हणते, पण माझ्या अटींवर.

काका, आमच्याकडे पेशंटला चालायला शिकवताना त्याच्या कमरेला पट्टा बांधतात आणि आम्ही मागून तो धरतो. मी रोज हेच करते. तुमच्या गावाने हे माझ्या कॉलेजच्या कितीतरी आधी ठरवून ठेवलं होतं आणि तुम्ही मात्र ते सोडून द्यायला निघालात. तोल सुधारला म्हणजे कोणी नको, असं नसतं. पट्टा असला तर माणूस न भिता पाऊल टाकतो, आणि न भिता टाकलेलं पाऊल नीट पडतं. शेल्याशिवाय त्राटिका निघणार नाही ही पहिली अट.

दुसरी, हाताची सूज उतरली की पुन्हा खुर्चीपासून सुरुवात. मागे गेलो असं मानू नका. तिसरी, एका पायावरची गिरकी बंद. वळायचं ते छोट्या छोट्या पावलांनी. एक कसरत मात्र नवीन सांगते, तीच सर्वांत महत्त्वाची. टेबलाशी उभं राहायचं, काकूंनी हलकेच खांद्याला रेटा द्यायचा, कधी पुढून, कधी बाजूने. तुम्ही टेबल न पकडता पाऊल टाकून सावरायचं. पडू नये म्हणून ताठ उभं राहायचं नसतं, वेळेवर पाय टाकायचा असतो.

शेला कोणी धरायचा याचा तुमचा नियम नेमका काय आहे, शब्दन्‌शब्द कळवा.

आपली,
समृद्धी


मोखाडा,
२० फेब्रुवारी २०२६

चि. सौ. समृद्धीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. फितुरी कोणी केली ते मला माहीत आहे, ती समोर बसून लसूण सोलते आहे. ऋत्विकला मी पुन्हा विचारलं नाही, कारण त्याचा तेव्हाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोराने बापाला खांदा दिला आणि तेराव्याला मी त्याला शेल्याचं विचारत बसलो. तो रागावला नाही, हेच मला जास्त लागलं.

असो. तुझ्या अटी मान्य. रेट्याची कसरत काकूला एवढी आवडली आहे की ती आता वेळकाळ बघत नाही. चहा घेऊन येते आणि रेटा देऊन जाते. पाऊल मात्र आपोआप पडायला लागलंय, हे खरं. संबळ वाजवणाऱ्या लाडक्याला मी वळण्याचं बोललो. तो म्हणाला, "शेट, तू बारकं पाय टाक, मी ताल बारीक करतो." त्राटिका म्हातारी झाली असं लोक म्हणतील. म्हणू देत, झालीच आहे.

नियमाचं विचारलंस म्हणून काल मंडळींकडे गेलो. काकू पाठोपाठ आली. मी विचारलं, शेला कोणी धरायचा? बुजुर्ग म्हणाले, "घरच्या माणसानं." बरं, माझ्या घरात धरणारं कोणी नाही, मी म्हटलं. तर काकू मधेच म्हणाली, "माणूस म्हणता ना? बाप्या असं तर कोणी म्हटलेलं नाही. आमची सून आहे, रोजचं तिचं तेच काम आहे. माझा खांदा आखडलेला नसता तर मीच धरला असता." एकाने विचारलं, असं कधी झालंय का? काकू म्हणाली, "त्राटिका बाईच ना? मग बाईचा हात लागून तिचं काय बिघडतंय?" तेवढ्यावर बैठक संपली, कारण सगळ्यांना हसू आलं होतं आणि हसल्यावर नाही म्हणता येत नाही.

ही तीच बाई, जी तुला मला नाही म्हणायला सांगत होती. मी तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "नाही म्हणायला सांगितलं होतं. ती हो म्हणाली. मग आता नीट होऊ दे."

येशील का?

तुझा,
दामोदरकाका


नाशिक,
२ मार्च २०२६

ती. काकांना सा. नमस्कार.

येते. रजा टाकली.

ऋत्विकला मी तुमची सगळी पत्रं वाचायला दिली. वाचून झाल्यावर त्याने ती नीट घडी घालून परत ठेवली. जुनाट वाटतं म्हणून तो गप्प बसत नव्हता, हे मला आता कळतंय. तो गाडी घेऊन येतो आहे. शेला धरीन असं म्हणालेला नाही आणि मी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.

आदल्या दिवशी मी वाटेवरून चालून बघणार आहे. कुठे चढ, कुठे दगड, सगळं. काकूंना सांगा, बरणी घेऊन येते आहे.

आपली,
समृद्धी


मोखाडा,
२२ मार्च २०२६

चि. सौ. समृद्धीस आशीर्वाद.

तुम्ही नाशिकला सुखरूप पोचलात हे कळलं. डावा गुडघा दोन दिवस गरम होता, सुट्टी दिली, आता उतरलाय. काल टेबलाशी पुन्हा उभा राहिलो. फागी माझ्या आधी येऊन उभी होती.

बाहेरून जे दिसलं ते तू पाहिलंसच. आतून काय झालं ते लिहायला बसलो आहे.

ऋत्विकने माझ्या कमरेला शेला बांधला तेव्हा दादा बांधायचा तशीच गाठ मारली. ती त्याला कोणी शिकवली नव्हती, लहानपणी बघून लक्षात राहिली असणार. टोकं हातात घेतली, एकदा ताणून बघितली. मग त्याने ती तुझ्या हातात दिली. पण पोरगं बाजूने चालत राहिलं, पार देवळापर्यंत, हे मला मुखवट्यातून दिसत नसलं तरी कळत होतं.

आपलं सोंग निघालं तेव्हा फटफटायला लागलं होतं. मुखवट्याच्या आत रंगाचा आणि माझ्याच घामाचा वास, कानात अर्धामुर्धा संबळ. बाजारपेठेपर्यंत बरं गेलं. वळलो ते तू सांगितलंस तसं, बारीक पावलांनी. लोक ओरडत होते. चढावर तू आदल्या दिवशी दाखवलेला दगड मला आठवत होता, पण तो आला कधी ते कळलं नाही. उजवा पाय त्यावर पडला, गुडघा सुटला, आणि मी बाजूला कललो.

मी वाट बघितली. इतकी वर्षं असं झालं की मागून जोराचा हिसका बसायचा. दादा मला गाईसारखं ओढून उभा करायचा आणि नंतर घरी शिव्या घालायचा. त्या हिसक्याची माझ्या कमरेला सवय होती. तो बसलाच नाही. मला वाटलं, पोरीच्या हातातून शेला सुटला. आणि तेवढ्यात माझा डावा पाय आपला आपण बाजूला पडला, घट्ट पडला, आणि मी सरळ झालो. लाडक्या म्हणतो, बघणाऱ्यांना ती त्राटिकेची नवीन चाल वाटली.

घरी आल्यावर मी तुझ्यावर चिडणार होतो. काकूने थांबवलं. ती तुझ्या शेजारीच होती. म्हणाली, शेला हिच्या मुठीत होता, टोकं दोन्ही हातांना गुंडाळलेली होती, ही तुमच्या पायाकडे बघत होती आणि पाय निघालेला दिसला म्हणून हिने ओढलं नाही. दादाने ओढलं असतं. त्याची माया तशी होती, तो मला पडायची वेळच येऊ द्यायचा नाही.

मंडळींनी त्राटिका आपल्याच घरी ठेवली आहे. पुढच्या वर्षी कोण घेणार म्हणून विचारलं, मी म्हटलं मीच.

समृद्धी, दादा गेला तेव्हा मी रडलो, तेरावं केलं, वर्षश्राद्ध केलं. पण तो गेला हे माझ्या अंगाला पटलं नव्हतं. त्या चढावर मी हिसक्याची वाट बघितली आणि तो आला नाही, तेव्हा मला कळलं की माझा भाऊ खरोखर गेला आहे. आणि मी उभा होतो.

तुझा,
दामोदरकाका